दाजींची गाळी

वारा सुटला की जगातली सगळी शहाणी माणसं दिव्याभोवती हात धरतात. वारा सुटला की दिवा लावायला धावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा निघाला. आम्ही त्यांना दाजी म्हणत असू, कारण आमच्या बेळगावकडं बहिणीच्या नवऱ्याला दाजीच म्हणतात. बेंगळूरच्या ज्या शाळेत ते गणित शिकवत तिथली पोरं मात्र त्यांना 'गाळी मेष्ट्रु' म्हणत. कन्नडात गाळी म्हणजे वारा आणि मेष्ट्रु म्हणजे मास्तर. पुण्याहून नव्यानं बदलून आलेल्या एका गृहस्थांना हे ठाऊक नव्हतं. पोरांच्या तोंडून ते नाव ऐकून त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तुमचे मेहुणे वर्गात फार शिवीगाळ करतात का हो?" मी म्हटलं, "छे छे, ते फक्त वारा घालतात."

दाजींचं घराणं बेंगळूरमध्ये इतक्या पिढ्यांपासूनचं होतं की पूर्वज मराठी मुलखातून कधी आले हे त्यांच्यात कुणालाच सांगता येत नसे. त्यांच्या मराठीत कन्नड असं मुरलं होतं की 'स्वल्प' आणि 'सरी' हे दोन शब्द काढून घेतले असते तर दाजी मुके झाले असते. थोडं म्हणजे स्वल्प, ठीक म्हणजे सरी. या 'सरी'वरच अक्काचं लग्न ठरलं. तिला पाहायला ते बेळगावला आले तो ज्येष्ठातला दिवस मला अजून आठवतो. घरात चहा-पोह्यांची गडबड, अक्का नव्या साडीत घामाघूम, आणि नवरदेव बेपत्ता. शोधाशोध केली तेव्हा ते परसात गवताच्या गंजीवर उभे राहून दोन बोटांत धरलेला रुमाल फडकवत होते. घाटावरून येणाऱ्या त्या वाऱ्याचं आम्हाला कधी कौतुक नव्हतं. कौलं उडवणारा, वाळत घातलेली धोतरं शेजाऱ्याच्या विहिरीत नेऊन टाकणारा तो वारा पाहून दाजींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. खाली येऊन बसल्यावर नाव, शिक्षण, स्वयंपाक यातलं काहीएक न विचारता त्यांनी अक्काला एकच प्रश्न केला, "पावसाळ्यात इथं वारं कुठनं येतं?" अक्का तेव्हाही कुणाला भीत नसे. ती म्हणाली, "मावळतीकडनं. छत्री तिकडं तिरकी धरायची, आणि जोराचा झोत आला की मुकाट्यानं बाजूला वळवायची. ताठ धरली की काड्या मोडल्याच." दाजी म्हणाले, "सरी." मध्यस्थ म्हणून आलेले आमचे पुण्याचे मामा म्हणाले, "सरी तर येतातच हो, आषाढात धो धो येतात. पण मुलगी पसंत आहे की नाही ते सांगा." "सरी म्हटलं की!" दाजी वैतागून म्हणाले, आणि तेवढ्यावर अक्का बेंगळूरला गेली.

पुढं मलाही बेंगळूरच्या छावणीतल्या एका सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली आणि मी अक्काकडंच राहायला गेलो. तेव्हा जयनगर नव्यानं वसत होतं. चार घरं, पुढं रागीची, म्हणजे नाचणीची, शेतं आणि त्यापुढं नुसतं आभाळ. लोक जागा घेताना बाजार किती लांब, पाणी येतं का, असलं काहीतरी विचारतात. दाजींनी पश्चिमेच्या बाजूला आडवं काही येणार नाही ना, एवढंच विचारून जागा घेतली. घराला खिडक्या किती ठेवाव्यात यावरून त्यांचं गवंड्याशी भांडण झालं, कारण त्या सगळ्या बसवल्यावर भिंत कुठं बांधायची हे त्याला कळेना. बसमध्ये ते नेहमी दारात उभे राहत. देवळात जात ते कळसावरचा ध्वज पाहायला. अक्का पूजा करायला बसली की हे उदबत्तीच्या धुराकडं टक लावून बसत, आणि शेजारच्या अक्कम्मा त्यांच्या भक्तीचं सगळ्या गल्लीत कौतुक करत. लग्नाच्या पंगतीत पान वाढलेलं असताना मध्येच उठून ते दुसरीकडं जाऊन बसत, का तर "तिकडं स्वल्प गाळी आहे." मला ते 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ, आणि दर संध्याकाळी मी कचेरीतून आलो की चहाच्या आधी विचारत, "तम्मा, छावणीत आज कशी होती?" 'कशी' म्हणजे गाळी, हे वेगळं सांगायला लागत नसे.

त्या घराच्या गच्चीवर दाजींनी वाऱ्यावर चालणारं विजेचं यंत्र उभारलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडीत निघालेल्या लष्करी लॉऱ्यांचं सामान तेव्हा गुजरीत, म्हणजे जुन्या बाजारात, ढिगांनी पडलेलं असे. तिथून आणलेला डायनामो, सागाच्या फळीतून स्वतः तासलेली तीन पाती, तोंड नेहमी वाऱ्याकडं राहावं म्हणून मागं पत्र्याचं शेपूट, आणि खाली जिन्यात लॉरीची बॅटरी. समोरच्या रस्त्यावर सरकारी विजेचा खांब येऊन उभा राहिला, सगळ्या गल्लीत दिवे लागले, पण दाजींनी आमच्या घरात तार येऊ दिली नाही. "दारात खांब आणि घरात कंदील," असं अक्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. दाजींचं म्हणणं असं की जिथं तार पोचणार नाही अशी गावं, अशी बेटं, असे डोंगर या देशात भरपूर आहेत आणि वारा तर सगळीकडं पोचलेलाच आहे. आधी आपल्या घरी चालवून दाखवलं पाहिजे, तरच लोक ऐकतील. बोलणं पटण्यासारखंच होतं. अडचण एवढीच होती की बेंगळूरचा वारा एका आषाढात काय तो मनापासून वाहतो, उरलेलं वर्षभर नुसता येऊन विचारपूस करून जातो. आषाढ सरला की स्वयंपाकघरातला दिवा लालसर व्हायचा आणि मग त्याची नुसती तार दिसायची. "तुमच्या दिव्यापेक्षा माझ्या फोडणीचा उजेड जास्त पडतो," असं अक्का म्हणायची, आणि कंदिलाची काच पुसायला घ्यायची.

आषाढातही सगळं सुखाचं नव्हतंच. पहिल्या वर्षी असा वारा सुटला की यंत्र भिंगरीसारखं फिरलं, दाजी आनंदानं गच्चीवर नाचले आणि पुढच्या क्षणी एक पातं तुटून अक्कम्मांच्या नारळात जाऊन बसलं. "मेष्ट्रे, निम्म गाळी नम्म मनेगे बंतु!" असं त्या कुंपणावरून ओरडल्या. मास्तर, तुमचा वारा आमच्या घरी आला. दुसऱ्या वर्षी पाती जाड केली, तर खांबच वाकला. दाजी कष्टी झाले. वारा कमी तर दिवा नाही आणि जास्त तर यंत्र नाही, हे कोडं त्यांना सुटेना. मग एके दिवशी ते आणि अक्का भाजी घेऊन मैदानातून येत होते आणि पाऊस-वारा दोन्ही एकदम आले. दाजींनी आपली छत्री ताठ धरली आणि ती उलटी झाली. अक्कानं सवयीनं आपली छत्री झोताबरोबर बाजूला वळवली, झोत गेल्यावर परत जागेवर आणली आणि कोरडी चालत राहिली. "थांब!" दाजी भर मैदानात ओरडले. "परत कर! परत वळीव!" लोक बघायला लागले. "असं काय करतासा ओ, माणसं बघालीत," अक्का म्हणाली, पण दाजींनी तिला तिथंच पावसात उभं करून छत्री पुन्हा पुन्हा वळवायला लावली. भाजी भिजली, अक्का चिडली, आणि यंत्राच्या शेपटाला बिजागरी बसली. आता वारा बेताचा असला की यंत्र त्याच्याकडं तोंड करून फिरे आणि फार जोर झाला की शेपूट दुमडून बाजूला वळे. दाजी म्हणत, "आता हे अंग चोरायला शिकलं." माणसानं अंग चोरलं तर त्याला आपण कामचुकार म्हणतो. दाजींच्या यंत्राचा मात्र तो सगळ्यात मोठा गुण ठरला. "मुलगी बघायला गेलो तेव्हाच हिनं सांगितलं होतं," असं ते पुढं सगळ्यांना सांगत, "मीच ऐकलं नाही."

याच सुमारास आमच्या कचेरीत उत्तरेकडून एक मेजरसाहेब कामासाठी आले होते. दूर बर्फाच्या डोंगरात त्यांचं एक ठाणं होतं. वाट बंद झाली की तिथं पेट्रोल पोचत नसे. पेट्रोल संपलं की बॅटऱ्या भरायच्या बंद होत, आणि बॅटऱ्या संपल्या की बिनतारी संदेशाचं यंत्र गप्प पडे. मग तिथल्या माणसांना आजारीपाजारी कुणी पडलं तरी खाली कळवायची सोय नसे. हे मी सहज म्हणून जेवताना सांगितलं. दाजी उष्ट्या हातानं उभे राहिले. "तिथं गाळी कशी आहे?" मी म्हटलं, तंबू उडवून नेते म्हणतात. दाजी हात न धुता गच्चीवर निघाले, तेव्हा अक्का वाटेत उभी राहिली. "माझं ऐकून जावा. तिथं हे यंत्र हिवाळाभर चाललं तर मी जन्मात कंदिलाबद्दल अवाक्षर काढणार नाही. नाही चाललं तर गच्ची मोकळी करायची, परत हात लावायचा नाही, आणि सरकारी तार घरात घ्यायची. कबूल?" दाजींनी वर बघितलं. यंत्राचा आवाज येत होता. मग ते हळूच म्हणाले, "सरी." ही 'सरी' म्हणताना त्यांचा आवाज मी पहिल्यांदा कापलेला ऐकला.

आता बेंगळूरमध्ये बर्फाच्या डोंगरातली थंडी आणायची कुठून? दाजींनी ती अक्काच्या आइस्क्रीमच्या भांड्यात आणली. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायची, फोडून मीठ घालून लाकडी बादलीत भरायची, आणि आतल्या डब्यात दुधाऐवजी डायनामोचं ग्रीस भरलेलं बेअरिंग ठेवायचं. नेमकी त्याच दिवशी अक्काच्या सासरची मंडळी आली. बादली पाहून सगळ्यांचे चेहरे फुलले, वाट्या मांडल्या गेल्या, आणि दाजींनी मोठ्या उत्साहानं झाकण काढून काळंकुट्ट गोठलेलं ग्रीस सगळ्यांना दाखवलं. "बघा, हललं नाही! काय म्हणजे काय हललं नाही!" मंडळी हिरमुसली होऊन परत गेली. ग्रीस पुसून शेवटी अक्काच्या शिवणाच्या मशीनचं तेल घालून पाहिलं, तर त्या खारट बर्फातही बेअरिंग सुरसुर फिरलं. पात्यांना बर्फ धरू नये म्हणून त्यांना मेण चोळलं, इतकं की अक्का म्हणायची, मला कधी एवढ्या मायेनं तेल लावलं नाही.

मग माझ्याकडून ऐकून मेजरसाहेब स्वतः यंत्र पाहायला आले. दाजींची हिंदी म्हणजे कन्नड आणि मराठी यांच्या भांडणात मध्ये सापडलेली. साहेबांना खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि दाजींनी थेट विचारलं, "साहेब, आपके उधर गाळी कैसा है? जास्ती?" साहेबांचा कप ओठाशीच थांबला. हिंदी माणसाच्या कानाला 'ळ' कुठला ऐकू यायला? त्याला ती गालीच, म्हणजे शिवीच. "किसने कहा आपसे?" त्यांनी करड्या आवाजात विचारलं. दाजींनी माझ्याकडं बोट केलं. "ये तम्मा बोला. दिनभर गाळी, रात को और जोर से. साहेब, बेंगळूर का गाळी एकदम स्वल्प. हमको आपका गाळी चाहिए!" साहेब लाल झाले, मी पांढरा पडलो, आणि माझी नोकरी गेली असं मनाशी धरून मी घाईघाईनं खुलासा केला. तो समजायला साहेबांना जरा वेळ लागला. समजल्यावर मात्र ते असे हसले की कॉफी पायजम्यावर सांडली... म्हणजे माझ्या, त्यांच्या नव्हे. "चलिए मास्टरजी," ते डोळे पुसत म्हणाले, "दिखाइए अपनी गाली का कमाल."

आम्ही गच्चीवर गेलो. आणि काय सांगावं, वारा ठार बंद. अक्कम्मांच्या नारळाची झावळीसुद्धा हलेना. यंत्र मुकाट उभं. दाजींनी रुमाल धरला, तो सरळ खाली लोंबला. कॉफी झाली, जेवण झालं, विड्याचं पान झालं, तरी वारा नाही. साहेबांना संध्याकाळी परत निघायचं होतं. ते उठले, सभ्यपणानं "फिर कभी" म्हणाले. दाजींचा चेहरा मला बघवेना. तेवढ्यात भांडी आवरता आवरता अक्का म्हणाली, "वारा येत न्हाई तर आपणच जाऊया की वाऱ्याकडं. साहेबांची लॉरी दारात आहे न्हवं?" दाजी क्षणभर तिच्याकडं बघत राहिले आणि मग एकदम जिन्याकडं पळाले.

देवनहळ्ळीच्या रस्त्यानं त्या दिवशी जी मिरवणूक निघाली तशी त्या रस्त्यानं पुन्हा पाहिली नसेल. लष्करी लॉरीच्या मागच्या बाजूला दोरखंडांनी बांधलेला खांब, त्यावर यंत्र, खांबाला मिठी मारून दाजी, दाजींना मिठी मारून मी. भर दुपारी दिवा दिसायचा कसा? म्हणून मेजरसाहेब दिवा पोटाशी धरून कांबळ्याखाली शिरले होते. अक्का पुढं ड्रायव्हरशेजारी, मांडीवर चकलीचा डबा. लॉरीनं वेग घेतला, पाती फिरू लागली, आणि कांबळ्याखालून साहेबांचा आवाज आला, "जल गया!" दाजींना उधाण आलं. ते टपावर थापा मारून ओरडू लागले, "गाळी दो! और गाळी दो! जास्ती गाळी!" ड्रायव्हर होता उत्तरेकडचा साधा जवान. साहेब मागं आहेत म्हणजे हुकूम साहेबांचाच, असं समजून त्यानं समोरून येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीला, सायकलीला आणि मैलाच्या दगडाला आपल्या मुलखातल्या निवडक शिव्या द्यायला सुरुवात केली, आणि त्या जोशात लॉरीही भरधाव सोडली. वारा कानात घोंगावू लागला, खांब करकरला. मी डोळे मिटले. तोच वरचं शेपूट दुमडलं, यंत्रानं शहाण्यासारखं अंग चोरलं, आणि कांबळ्याखालून पुन्हा आवाज आला, "अभी भी जल रहा है!" लॉरी थांबल्यावर दाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते वाऱ्यानं आलं असं त्यांनी सांगितलं. अक्का खाली उतरून मला म्हणाली, "तो ड्रायव्हर भारी भाविक दिसतोय. सगळी वाट काहीतरी पुटपुटत होता बघ."

यंत्र उतरलं, खोक्यात बसलं आणि डोंगराकडं गेलं. त्यानंतरचा हिवाळा दाजींना फार जड गेला. गच्ची रिकामी, आणि तिकडून काही कळायची सोय नाही. दाजी मफलर गुंडाळून बसत आणि थंडी नसताना कुडकुडत. "आता तिथं वाट बंद झाली असेल," असं मध्येच म्हणत. अक्का टोमणा मारायची थांबली होती, ते मला जास्त लागत होतं. दाजींनी एकदा समोरच्या खांबाकडं बघून मला विचारलं, "तम्मा, तार आत घ्यायची तर कुठल्या भिंतीतनं घ्यावी?" मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेलो. त्यांच्यासारखा माणूस हरलेला बघणं मला नको होतं.

उन्हाळा आला. एका सकाळी फाटकाशी जीप थांबली आणि उन्हानं रापलेले मेजरसाहेब उतरले. फाटक उघडायच्या आधीच ते गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "मास्टरजी! बहुत गाली है! दिन-रात गाली! और बत्ती एक दिन भी नहीं बुझी!" दाजी दाढी करत होते, ते तसेच अर्धा चेहरा साबणात घेऊन बाहेर धावले. साहेबांनी त्यांना उचलून मिठी मारली आणि साबण त्यांच्या मिशीला लागला. वादळात तंबू फाटले, झेंड्याची काठी मोडली, पण यंत्र बाजूला मान वळवून उभं राहिलं, वादळ ओसरल्यावर पुन्हा वाऱ्याकडं वळलं. हिवाळाभर ठाण्याचा आवाज खाली पोचत राहिला. एक जवान तापानं फणफणला होता, त्याच्यासाठी काय करायचं ते डॉक्टरांनी खालून सांगितलं आणि तो वाचला. आणखी यंत्रं हवीत, आणि ती कशी करायची ते शिकवायला मास्टरजी हवेत, असा निरोप घेऊन साहेब आले होते. साहेबांचं ओरडणं ऐकून अक्कम्मा कुंपणाशी आल्या होत्या. हिंदीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं, पण 'गाली' त्यांनी बरोबर 'गाळी'च ऐकली. "हौदा? अल्लि अष्टु गाळिया?" त्यांनी कौतुकानं विचारलं. हो का, तिथं एवढा वारा? हिंदी न येता नेमका अर्थ कळलेल्या त्या एकट्याच.

त्या दिवशी अक्कानं सगळ्या गल्लीला होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, वाढली. दाजी पैज जिंकले होते. पण संध्याकाळी तेच वायरमनला घेऊन आले आणि अक्काला म्हणाले, "स्वयंपाकघरात तार घे. तुझे डोळे किती दिवस कंदिलात घालवू?" अक्कानं हातातला कंदील खाली ठेवला. मग म्हणाली, "स्वयंपाकघरात सरकारी लावा. देवघरातला मात्र तुमचाच राहू दे." त्याप्रमाणं गच्चीवर दुसरं यंत्र आलं आणि देवघरात बॅटरीविना थेट वाऱ्यावरचा दिवा लागला. एरवी देवापुढचा दिवा वाऱ्यापासून जपायचा असतो. आमच्याकडं वारा सुटला की देव उजळत.

दाजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. रागीची शेतं गेली, पश्चिमेला आडव्या इमारती आल्या, आणि आषाढाचा वारासुद्धा आता वाट काढत काढत येतो. पण आषाढ लागायच्या आधी अक्का या वयातही जिना चढते आणि शिवणाच्या मशीनचं तेल यंत्राला घालून येते, कुणाला हात लावू देत नाही. परवा मी गेलो होतो तेव्हा दिवेलागणीलाच सरकारी वीज गेली. सगळी गल्ली अंधारली, घरोघर मेणबत्त्यांची शोधाशोध सुरू झाली. मीही काडेपेटी घ्यायला उठलो, तर अक्कानं माझा हात धरला. उभा जन्म बेळगावचं मराठी जपलेली माझी बहीण म्हणाली, "स्वल्प थांब. गाळी येईल." आम्ही अंधारात बसलो. मग वर गच्चीवर काहीतरी कुरकुरलं, सुरसुरलं, आणि देवघरातल्या दिव्याची तार आधी लाल झाली, मग पिवळी, मग देवांचे चेहरे दिसू लागले. अक्कानं हात जोडले नाहीत. वर छताकडं बघितलं आणि लग्न ठरताना कुणीतरी म्हटला होता तो शब्द अगदी हळू म्हणाली, "सरी."